लेकरू म्हणजे मुके नव्हे

वाचकहो, ‘लेकरासारखी श्रद्धा ठेवा’ हे वाक्य अलीकडे कीर्तनाच्या मंडपात फार स्वस्त झाले आहे. वाक्य खोटे नाही. देवाला माउली म्हणायचे आणि आपण तिचे लेकरू व्हायचे, ही आपल्या संप्रदायाची सातशे वर्षांची रीत. तिला नाव ठेवणारा मी कोण? माझी तक्रार निराळी आहे. कोणी काही विचारले की त्याचे तोंड बंद करण्यासाठी हे वाक्य काढले जाते, आणि काढणाऱ्यांनी आता त्याला येशू ख्रिस्ताचीही साक्ष जोडली आहे.

गेल्या वर्षी एका हरिनाम सप्ताहात हे माझ्या कानांनी ऐकले. चांगदेवांची कथा लावली होती. कीर्तन आटोपल्यावर कॉलेजात जाणारी एक मुलगी पाया पडायला पुढे गेली आणि तिने विचारले, की महाराज, चौदाशे वर्षे जगले हे जसेच्या तसे धरायचे, की त्याचा काही अर्थ घ्यायचा? प्रश्न सरळ होता, आवाज नम्र होता. उत्तर आले, “बाळ, शंका काढणाऱ्याला देव भेटत नाही. लेकरू हो. ख्रिस्ती लोकांचा येशूसुद्धा शेवटी हेच सांगून गेला. लेकरू व्हा म्हणाला, पुन्हा जन्म घ्या म्हणाला. म्हणजे आपला पुनर्जन्म त्यांनाही मानावाच लागला!” मंडळी हसली. मुलगी मागे सरून बसली.

परधर्मातले वचन कीर्तनात घेतले म्हणून माझे काही म्हणणे नाही. चांगले कुठूनही घ्यावे. पण घेताना निदान ते काय आहे हे पाहून घ्यावे. येशूच्या तोंडी असलेल्या ज्या दोन गोष्टी महाराजांनी एका दमात उडवल्या, लेकरू होणे आणि नव्याने जन्मणे, त्या दोन्ही गोष्टी प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूच्या आहेत. त्या ज्या प्रसंगांत सांगितल्या गेल्या ते प्रसंग उघडून पाहिले की हे कळते.

पहिला प्रसंग वाटेवरचा आहे. मार्कच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात तो येतो. येशू आणि त्याचे बारा शिष्य गालील प्रांतातून चालत कफर्णहूम गावी पोचले. घरात टेकल्यावर येशूने विचारले, वाटेत तुमचे कशावरून चालले होते? सगळे गप्प. कारण वाटेत भांडण लागले होते ते आपल्यात मोठा कोण यावरून. माउली, वारीत चाललेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगायला नको. दिंडी रथापुढची की रथामागची, नंबर कितवा, वीणा कोणाच्या गळ्यात, पंगतीला पहिले पान कोणाचे; पाय पंढरीच्या वाटेवर असतात आणि मन या हिशेबात असते. तर येशू खाली बसला, त्याने एक लेकरू बोलावून सर्वांच्या मधोमध उभे केले आणि मग त्याला कवेत घेतले. मत्तयाने हाच प्रसंग सांगताना खुलासाही जोडला आहे, की जो स्वतःला त्या लेकराएवढा लहान करील तो मोठा. म्हणजे विषय चालला होता मानाचा. शिष्यांच्या शंकांचा तिथे संबंधही नव्हता. त्यांनी फार प्रश्न विचारले म्हणून त्यांच्यापुढे लेकरू उभे केलेले नाही. आपापले आसन मोजत होते म्हणून केले आहे.

लेकराला त्या काळी काय किंमत होती तेही ध्यानात घेतले पाहिजे. आज आपण मूल म्हटले की निरागसता, गोड हसू, देवाघरचे फूल असे काहीबाही मनात आणतो. ही आपल्या काळाची हौस आहे. त्या रोमी साम्राज्यात मूल म्हणजे ज्याच्या शब्दाला वजन नाही, ज्याच्या नावावर काही नाही, असा जीव. इजिप्तमधल्या ऑक्झिरिंकस या गावच्या जुन्या उकिरड्यांतून पपायरसाच्या कागदांचे ढीगच्या ढीग निघाले, त्यांत येशूच्या जन्माच्या आगेमागेचे एक पत्र आहे. हिलारियन नावाचा कामकरी आलेक्झांड्रियाहून आपल्या गरोदर बायकोला लिहितो, की मुलगा झाला तर राहू दे, मुलगी झाली तर टाकून दे. पत्रात रागाचा सूर नाही, उलट बायकोची काळजीच आहे. मूल टाकणे ही त्या जगात साधी घरगुती बाब होती. यहुदी लोक मुले टाकत नसत, हे त्यांच्या पदरी घातलेच पाहिजे. तरी मान, अधिकार, साक्ष या बाबतीत लेकराची जागा तिथेही तळालाच. ग्रीक भाषेत ‘पाईस’ हा एकच शब्द लेकराला आणि चाकराला चालत असे. आपल्याकडेही चहाच्या हॉटेलात पाणी आणणारा चाळिशीचा झाला तरी ‘पोऱ्या’च असतो, तसेच काहीसे.

तेव्हा लेकरू व्हा याचा अर्थ, पोऱ्याच्या जागी येऊन उभे राहा. हे ऐकायला तेवढे गोड नाही, आणि म्हणूनच बहुधा ते कोणी त्या अर्थाने सांगत नाही. सांगणारा स्वतः उंच आसनावर बसून खाली बसलेल्यांना लेकरू व्हायला सांगतो. येशूने मात्र ते सांगितले होते पुढच्या रांगेला, शिष्यांना, उद्याच्या महंतांना.

पुढच्याच अध्यायात याची जोड आहे. लोक आपली मुले येशूपाशी आणू लागले, तर शिष्यांनीच त्यांना दटावून मागे सारले. देवाच्या माणसाभोवती जमलेली मंडळी असेच करते. दर्शनबारी लावणारे सगळीकडे सारखेच. येशू शिष्यांवर रागावला आणि त्याने मुलांना जवळ घेतले. आणि लगेच त्याच्या खालोखाल एका सज्जन श्रीमंताची गोष्ट येते. लहानपणापासून सगळे नियम पाळले, असे तो आपणहून सांगतो. येशूला तो आवडतोही. पण हातातले सोडायला सांगितल्यावर उदास होऊन तो निघून जातो. लेकरांकडे दाखवायला काही नव्हते, त्याच्याकडे दाखवायला फार होते. या दोन गोष्टी शेजारी शेजारी असणे मला योगायोग वाटत नाही.

मग बुद्धीचे काय? ख्रिस्ती धर्माचा पहिला मोठा आचार्य पौल याने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात चौदाव्या अध्यायात नेमका हाच फरक करून ठेवला आहे. दुष्टपणाच्या बाबतीत तान्ही राहा, समजुतीच्या बाबतीत मोठी व्हा, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. ज्यांना येशूची साक्ष काढायची हौस आहे त्यांनी पौलाचीही काढावी.

आता पुन्हा जन्म. ‘आपला पुनर्जन्म त्यांनीही मानला’ या विनोदाला दोनच वाक्यांत उत्तर पुरे आहे. ख्रिस्ती मतात माणसाला देह एकदाच मिळतो, मरतोही एकदाच, आणि पुढे निवाडा. तिथे चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा नाही. आणि ज्या संवादात नव्या जन्माची गोष्ट निघते, त्याच संवादात ऐकणाऱ्याने ती देहाच्या जन्माची समजून घेतल्यावर येशू त्याची समजूत दुरुस्त करतो.

तो ऐकणारा म्हणजे निकदेम. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात तो भेटतो. साधासुधा माणूस नव्हे. परूशी पंथाचा, शास्त्र शिकवणारा, यहुद्यांच्या सभेतला वजनदार मनुष्य. येतो रात्री. दिवसा आला असता तर लोकांनी पाहिले असते! येशू त्याला सांगतो, की नव्याने जन्मल्याशिवाय देवाचे राज्य दिसायचे नाही. निकदेम विचारतो, म्हातारा माणूस परत आईच्या पोटात कसा शिरेल? ग्रीक मुळात येथे ‘अनोथेन’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ ‘पुन्हा’ असा होतो आणि ‘वरून’ असाही होतो. निकदेमाने ‘पुन्हा’ धरले. येशू ‘वरून’कडे नेतो आहे. देहाचा जन्म देहापासून, आत्म्याचा जन्म आत्म्यापासून, असे तो सांगतो, आणि वाऱ्याचा दाखला देतो: आवाज ऐकू येतो, पण आला कुठून आणि चालला कुठे ते सांगता येत नाही.

मराठीत आपण ‘जन्म घेतला’ असे म्हणतो, जणू बाजारातून घ्यावा तसा. खरे पाहता जन्म कोणी घेत नाही, तो मिळतो. वेणा आईला येतात. येणाऱ्याचे कर्तृत्व काडीचे नसते. निकदेमासारख्या कर्तबगार माणसाला येशू नेमके हे सांगतो आहे, की शास्त्र, सभासदत्व, वय ही तू मिळवलेली शिदोरी या कामी चालणार नाही. पुण्याईच्या खात्यावर हा जन्म निघत नाही. मानाचा बोजा खाली ठेवण्याचीच ही गोष्ट आहे. लेकराच्या प्रसंगात ती शिष्यांना सांगितली, येथे पंडिताला.

आणि निकदेमाला प्रश्न विचारल्याबद्दल बाहेर काढलेले नाही, हे विसरू नका. तू गुरू असून तुला हे कळू नये काय, असा टोमणा मात्र बसला. तो त्या रात्री निघून गेला. पटले की नाही, योहान सांगत नाही. पुढे सातव्या अध्यायात तो पुन्हा दिसतो. सभेत येशूविरुद्ध सगळे एक झाले असताना हा एकटा विचारतो, की माणसाचे ऐकून घेतल्यावाचून त्याला दोषी ठरवणे आपल्या नियमशास्त्रात बसते काय? पुन्हा प्रश्नच! त्याचा स्वभाव गेला नाही. आणि शेवटी, येशूला क्रुसावर मारल्यानंतर, जवळचे बहुतेक शिष्य पांगलेले असताना, अरिमथाईकर योसेफाबरोबर हा पुढे होतो, गंधरस आणि अगरू यांचे मिश्रण घेऊन. वजन दिले आहे सुमारे शंभर रोमी रत्तल, आपल्या मापाने बत्तीस-तेहतीस किलो. इतके ओझे पदराखाली लपवून नेता येत नाही. रात्री चोरून आलेला माणूस उघड्यावर आला, आणि ज्याला वाचवू शकला नाही त्याच्या देहाला त्याने सुगंधी द्रव्ये लावून मूठमाती दिली. नवा जन्म त्याला कोणत्या क्षणी झाला? योहानाने तारीख लिहिलेली नाही. वाऱ्याचा दाखला देऊन झाल्यावर तारीख कशी लिहिणार?

असो. हे सर्व ऐकताना वारकऱ्याला नामदेवराय आठवल्याशिवाय राहणार नाहीत. लहानपणी देवाला हट्टाने नैवेद्य खायला लावणारा नामा, देवाचा सर्वांत लाडका. आणि तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला तेव्हा काकांच्या थापटण्याखाली कच्चे मडके ठरला तोही हाच नामा! का ठरला? बाकीच्यांनी डोक्यावर थाप निमूट सोसली. नामदेवांना ती अपमानाची वाटली. मी देवाचा, मला थापटतात! लेकरूपणाचाच अभिमान झाला होता. लहानपणी देव दुधाभाताला बसला ही आठवण त्यांच्याजवळ होती, पण तीच आता आसन होऊन बसली होती. मग ते पंढरीला जाऊन देवाशी भांडले, देवाने औंढ्याला विसोबा खेचरांकडे धाडले, आणि तिथे पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी पुन्हा हटकलेच. भांडण, तक्रार, हटकणे, एवढे झाल्यावर नामदेव घडले. या कथेत गप्प बसून पक्का झालेला कोणीही नाही.

आणि चांगदेव. ज्यांच्या कथेवर त्या मुलीला गप्प केले, ते चांगदेवच पाहा. योगसामर्थ्याने काळाला चौदाशे वर्षे परतवलेला पुरुष, वाघावर स्वार, हातात सापाचा आसूड, मागे शिष्यांची रांग. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले तर मायना काय घालावा हेच ठरेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कागद कोराच पाठवला. वाचकहो, कफर्णहूमच्या वाटेवरचे भांडण ते हेच. फक्त चांगदेवांचे ते एकट्याच्या मनात चालले होते. मोठा कोण! त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांनी उत्तर दिले, आणि पुढे चांगदेवांना गुरू कोण मिळाले तर चौघा भावंडांतले शेंडेफळ, मुक्ताई. चौदाशे वर्षांचा म्हातारा एका मुलीचे लेकरू झाला. नव्या जन्माची याहून धीट कथा कोणत्या धर्मात आहे, कोणी मला दाखवावी. त्या कॉलेजच्या मुलीने ‘याचा काही अर्थ घ्यायचा का’ असे विचारले तेव्हा ती या कथेच्या दारात उभी होती. महाराजांनी तिला चांगदेवांच्या वाघाकडे पाहत राहायला सांगितले.

येथे कोणी गीतेचा चौथा अध्याय काढील. त्यात चाळिसाव्या श्लोकात संशयी माणसाचा नाश होतो असे आहे, हे खरेच. मग बरोबर सहा श्लोक मागे जा. चौतिसाव्यात ज्ञान कसे मिळवावे ते सांगितले आहे, आणि तिथे गुरूला नमस्कार आणि गुरूची सेवा या दोहोंच्या मध्ये परिप्रश्न बसवलेला आहे. म्हणजे खोदून खोदून विचारणे. नाश सांगितला आहे तो ज्याला ना ज्ञान हवे ना श्रद्धा, अशा हेलकावे खात राहणाऱ्याचा. विचारणाऱ्याचा नाश असता तर अर्जुन पहिल्या अध्यायातच संपला असता. अठरा अध्याय सांगून झाल्यावरही भगवंत त्याला म्हणतात, की आता पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. आणि या गीतेवर जो संतांपुढे स्वतःला पुन्हा पुन्हा लेकरू म्हणवतो, बोबडे बोलतो आहे म्हणून क्षमा मागतो, त्या ज्ञानोबांनी शके १२१२ मध्ये नऊ हजारांवर ओव्या सांगितल्या. दृष्टांतावर दृष्टांत, शंका आणि समाधान, श्रोत्यांच्या मनातली अडचण त्यांनी उच्चारण्याआधी ओळखून. आपल्या संप्रदायातले सर्वांत मोठे लेकरू ते हे. त्याने बुद्धी गहाण ठेवली होती असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

आता ख्रिस्ती मंडळींनी आपल्या येशूचे हे बोल नीट सांभाळले असे समजू नका. त्यांनीही त्याचे दाखले बनवले. सोळाव्या शतकात स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात काही जण म्हणू लागले, की तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देऊन काय उपयोग? त्याला विश्वास काय कळतो? जाणत्या वयात समजून उमजून घेतला तोच खरा. १५२५ च्या जानेवारीत त्यांनी एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. नगरसभेने पुढच्या वर्षी ठरवले, की जो पुन्हा बाप्तिस्मा देईल त्याला बुडवून मारावे. ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झ याला बांधून लिमात नदीत बुडवले. पाण्यातून नवा जन्म मागतोस, घे पाणी! बुडवणारेही ख्रिस्तीच होते, आणि तेही जुन्या चर्चविरुद्ध सुधारणेचा झेंडा घेऊन निघालेले. मोठा कोण, खरा कोण, हे भांडण कफर्णहूमच्या वाटेवरून तिथपर्यंत चालत आले होते.

पुढे अमेरिकेत ‘नव्याने जन्मलेला’ ही पाटीच झाली. १९७६ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जिमी कार्टर यांनी स्वतःला तसे म्हणवले. वॉटरगेटच्या भानगडीत तुरुंग भोगून आलेल्या चार्ल्स कोल्सन यांचे त्याच नावाचे पुस्तक त्याच वर्षी निघाले. कोल्सन यांनी नंतर उरलेले आयुष्य कैद्यांच्या सेवेत घातले, तेव्हा त्यांना मी हसत नाही. पण शब्दाचे काय झाले? मतदारांची एक जात ठरली. तुम्ही नव्याने जन्मलेले आहात का, हो किंवा नाही, खूण करा. निकदेमाला सांगितलेला तो वारा असा चौकटीत कोंडला.

त्यांना हसण्यापूर्वी आपली गळ्यातली माळ चाचपावी. माळ घालणे हा आपल्याकडचा नवा जन्मच आहे. ज्या दिवशी माळ पडली त्या दिवसापासून खाणे, पिणे, बोलणे बदलते. एकादशी येते, वारी येते. कितीतरी घरांतली दारू या माळेने सुटली, ती मी पाहिली आहेत, म्हणून तिला मी हलके लेखणार नाही. मीही माळकरीच आहे. पण ‘आमच्या घरात सात पिढ्यांची वारी’ हे वाक्य कोणत्या सुरात म्हटले जाते ते ऐका. ‘यंदा माझी बत्तिसावी’ हे सांगताना मान किती वर होते ते पाहा. वाळवंटात जो तो एकमेकांच्या पाया पडतो, तेवढ्यापुरते सगळे लेकरू. आणि परत गावी आल्यावर बिनमाळकऱ्याच्या हातचा चहा चालेना होतो! हा श्रीमंत सज्जन आपल्याच दिंडीत आहे. तो लहानपणापासून सगळे नियम पाळतो.

खरी लेकराची श्रद्धा शंकेसह कशी राहते याचा एक दाखला मला फार मोलाचा वाटतो. फ्रान्समध्ये लिझ्यू गावी तेरेज नावाची एक जोगीण होऊन गेली. जन्म १८७३ चा, पंधराव्या वर्षी कार्मेल मठात शिरली, क्षयाने १८९७ मध्ये गेली, अवघ्या चोवीस वर्षांची. मोठ्या संतांसारखे तप आपल्याच्याने होत नाही, आपण फार लहान, असे तिला दिसले. श्रीमंतांच्या घरी तेव्हा लिफ्ट नव्याने बसू लागल्या होत्या, जिना चढायला नको. तिने लिहिले, की पूर्णत्वाचा जिना चढायला मी लहान आहे, म्हणून मीही लिफ्ट शोधली, आणि ती लिफ्ट म्हणजे येशूचे हात. वारकऱ्याला हे सांगावे लागत नाही. जनाबाईला विठोबा दिसला तो अंगाखांद्यावर लेकरे घेऊन निघालेला. पण पुढचे ऐका. याच तेरेजने आयुष्याचे शेवटचे दीड वर्ष दाट अंधारात काढले. स्वर्ग आहे की नाही, मेल्यावर काही आहे की नुसते शून्य, हे विचार तिला सोडीनात. तिने ते लपवले नाहीत, लिहून ठेवले. लेकराची वाट जगाला दाखवणारी ही बाई शंकेने पोळत होती आणि तरी त्याच हातांत पडून होती. चर्चने १९९७ साली तिला आपल्या धर्माचार्यांच्या मालिकेत बसवले. तिला कोणी त्या वेळी म्हटले असते, की शंका काढतेस म्हणून तू लेकरू नाहीस, तर?

एवढे येशूबद्दल लिहिले, तेव्हा वाचकांपैकी कोणी भुवई उंचावतील, की हा आपल्याच मासिकात बसून दुसऱ्याचा प्रचार करतो की काय. त्यांना रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण देतो. कोकणातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेला हा कवी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. घरदार दुभंगले, लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त त्या ताटातुटीची वर्षे लिहिली आहेत, ती वाचताना आजही घशाशी येते. असे धर्मांतर मला नको, आणि ते तुम्हाला सुचवायलाही मी बसलेलो नाही. पण टिळक सांगत, की आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून. पूल म्हटला की त्यावरून दोन्हीकडे जाता येते. पलीकडचे बोल अलीकडे आणून ते आपल्या तुकोबांच्या उजेडात वाचायला काय हरकत आहे? तुकोबा म्हणजे तरी कोण? देवाला चोर म्हटले, दिवाळखोर म्हटले, तू आहेस की नाहीस असेही विचारले, आणि त्याच देवाच्या गळ्यात पडले. लेकरासारखे.

टिळकांचे शेवटचे वागणेही पाहण्यासारखे आहे. १९१७ साली मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडून बसले, आणि त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा ठेवली. ज्या पाण्यासाठी स्वतःचे घर मोडू दिले, त्या पाण्याची त्यांनी भिंत केली नाही. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये ते गेले.

तेव्हा कीर्तनकार मंडळींना माझे मागणे एवढेच, की लेकरू होण्याचा उपदेश आधी गादीवरच्यांना करावा, आणि मग उरला तर श्रोत्यांना. लेकरू रडते, हट्ट करते, पदर ओढते, ‘का’ म्हणून विचारून विचारून आईचा जीव खाते. गप्प पडून राहिलेले लेकरू पाहिले तर आई आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहते.

आणि आपल्या वारीला हे ठाऊक आहे. हैबतबाबांनी घडवलेल्या माउलींच्या सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी समाजआरती असते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार दंड वर करून ‘होऽ’ म्हणतात आणि क्षणात सारा तळ शांत होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती थांबत नाही. तिचे टाळ तसेच वाजत राहतात. तेवढ्या शांततेत ते सर्वांना ऐकू जातात. मग चोपदार गर्दीतून वाट काढत त्या दिंडीपाशी चालत जातात आणि काय म्हणणे आहे ते विचारतात. आरती तोवर थांबलेली असते.